मिरजेला न्या

आमच्या जतच्या बाजूला दुखणं हाताबाहेर गेलं की घरातलं वडीलधारं माणूस एवढंच म्हणायचं, "मिरजेला न्या." मग कुणी काही विचारत नसे. गाडी जुंपायची, वाकळ अंथरायची आणि निघायचं.

थोरले आबा, म्हणजे माझे पणजोबा, यांचा मोतीबिंदू तिथल्या मिशन दवाखान्यात काढला. आज्जी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली पोर. साल तिला कधीच सांगता आलं नाही. पण "बैलगाडीनं गेलो, वाटंत मुक्काम पडला" एवढं पक्कं आठवायचं. बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली 1927 साली, आणि मग आमच्याकडची माणसं रेल्वेनंच जाऊ लागली. म्हणजे हे त्याआधीचं असावं.

ऑपरेशन खुद्द वानलेस साहेबांनी केलं, हे आज्जी ठासून सांगे. ते खरंही असेल. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते इकडं आले आणि पटवर्धनांच्या मिरज संस्थानात 1894 साली त्यांनी हा दवाखाना उभा केला. पुढं तिथंच डॉक्टर तयार करायला शाळाही काढली. पुणे, बेळगाव, कोल्हापूर, तिन्हीकडच्या रेल्वे मिरजेत मिळत, त्यामुळं लांबलांबचे रोगी येत. व्हरांड्यात मराठीइतकंच कानडी ऐकू यायचं, असं आज्जी सांगायची.

तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांना पट्ट्या बांधून रोग्याला दिवसचे दिवस उताणं निजवून ठेवत. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आमचे आबा तापट, रानात राबलेला माणूस. ते असे निपचित पडलेले बघून आज्जीला रडू फुटलं होतं. पणजीबाई मात्र बाहेर तीन दगडांच्या चुलीवर हुलग्याचं माडगं शिजवायची आणि आज्जी ते वाटीतून आबांना पाजायची. पणजीबाईला दवाखान्यातलं पाणीसुद्धा चालत नव्हतं. तिथं धर्म बाटवतात, अशी गावात बोलवा होती. पण तिला कुणी चूल विझव म्हटलं नाही. उलट एक शिष्टरबाई रोज येऊन टोपात डोकवायची आणि "आज काय केलं?" म्हणून विचारायची. शेवटी पणजीबाईनंच तिला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

गावाकडं परतल्यावर आबा जाड भिंगांचा चष्मा लावून बांधावर उभे राहायचे आणि लांबूनच बैल ओळखायचे. त्यानंतर गावातली निम्मी म्हातारी माणसं मिरजेला जाऊन आली, असं म्हणतात. निम्मी हा आज्जीचा हिशेब, पण धाक मोडला तो त्या चुलीमुळं, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

क्षयाच्या रोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर साहेबांनी वेगळी आरोग्यशाळा काढली. स्ट्रेप्टोमायसिन यायचं होतं. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस खाणं हाच उपचार. तिथल्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. साहेब 1933 साली गेले. पुढं 1962 साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, खाजगी दवाखाने उभे राहिले, आणि सगळं गावच डॉक्टरांचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

अलीकडं एका मोठ्या इस्पितळात घरच्या माणसापाशी थांबायचा प्रसंग आला. यंत्रं उत्तम, डॉक्टर हुशार. पण खेड्यातून आलेल्या बायका जिन्याखाली वर्तमानपत्र अंथरून निजल्या होत्या, आणि आणलेली भाकरी पहारेकऱ्याची नजर चुकवून खात होत्या. रोगी एकटा कधी येत नाही, मागं घर घेऊन येतो. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात नवी रुग्णालयं बांधणाऱ्यांना माझी विनवणी आहे: नकाशात नातेवाइकांसाठी निजायला एक पडवी, पाण्याचा एक नळ आणि चार घास शिजवायला जागा, एवढं आधी आखा.