एका डोळ्याची कोकरे : गर्भारपण आणि वनस्पती-औषधांची परीक्षा

झाडपाल्याच्या औषधाने गुण येवो न येवो, अपाय मात्र होणार नाही, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. घरात सून गर्भार राहिली की शेजारपाजारच्या वडीलधाऱ्या बायका काढे सुचवू लागतात. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण अमुक मुळी पोटातल्या जिवाला मानवते की नाही, हे ठरवावे कसे, हा प्रश्न सोपा नाही.

थोर हकीम इब्न सीना (९८०-१०३७) यांनी ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ या ग्रंथात औषध पारखण्याचे सात नियम घालून दिले. औषधाला बाहेरचा गुण चिकटलेला नसावा, परिणाम वारंवार दिसावा, आणि परीक्षा माणसावरच व्हावी, कारण सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेला परिणाम माणसावर होईलच असे नाही. केवढी ही दूरदृष्टी! परंतु गर्भवतीच्या बाबतीत हा शेवटचा नियम पाळायचा कसा? तेथे जनावरांकडे वळणे भाग पडते.

अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगराळ कुरणांत मेंढ्यांना विचित्र कोकरे होत असत. कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा, नाक नाही. अशी कोकरे जगत नसत. १९५० नंतरच्या दशकात सरकारी शास्त्रज्ञांनी या प्रकरणाचा छडा लावण्याचे काम हाती घेतले. लिन जेम्स नावाचा संशोधक तर उन्हाळे कळपांबरोबर राहिला. अखेर दोष सापडला तो व्हेराट्रम नावाच्या रुंद पानांच्या रानटी वनस्पतीत. याच कुळातील वनस्पतींपासून त्या काळी रक्तदाबावर औषधे केली जात, हे विशेष!

विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. मेंढीने ही वनस्पती गर्भाच्या १४व्या दिवसाच्या सुमारास खाल्ली तरच एका डोळ्याचे कोकरू जन्मे. मेंढीचे गर्भारपण सुमारे पाच महिन्यांचे. म्हणजे मेंढी गाभण आहे हे धनगराला कळण्यापूर्वीच घात होऊन जाई, आणि मेंढी स्वतः मात्र बहुधा धडधाकट दिसे. रिचर्ड कीलर यांनी १९६०च्या दशकात त्यातील विषारी द्रव्य वेगळे केले. त्याला सायक्लोपामीन म्हणतात.

त्याच सुमारास माणसांवरही मोठा प्रसंग ओढवला. थॅलिडोमाइड ही कारखान्यात बनवलेली गोळी १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आली. गर्भवती स्त्रिया ती मळमळीवर घेत. १९६१च्या अखेरीस ती तेथील बाजारातून काढून घेण्यात आली, तोवर जगभर सुमारे दहा हजार बालके हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली होती. येथेही धोक्याचे दिवस थोडे आणि अगदी सुरुवातीचे, गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६. पुढे तपासले तेव्हा उंदरांवर ते व्यंग सहसा दिसेना, सशांवर दिसले. इब्न सीनांचा सिंह-घोड्याचा इशारा आठवावा!

म्हणून आता एका जातीच्या जनावरावर विसंबत नाहीत. गाभण उंदीर व ससे, दोहोंवर परीक्षा होते. अवयव घडण्याच्या दिवसांत काही गटांना अर्क कमी-अधिक मात्रेत देतात, एका गटाला मुळीच देत नाहीत. मग पिल्ले मोजून त्यांची हाडे व अवयव तपासतात. अर्काच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. काढा म्हणजे एक द्रव्य नव्हे. मूळ की पान, पाण्यात उकळले की मद्यार्कात भिजवले, यावर सारे बदलते.

आपल्या घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण पपईचे. सिंगापूरच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली गाभण उंदरांना पिकलेल्या पपईचा रस हवा तेवढा पिऊ दिला. पिल्लांच्या संख्येत फरक पडला नाही. मात्र कच्च्या पपईचा चीक गर्भाशयाच्या स्नायूवर घालताच तो जोराने आकुंचन पावला. फळ एकच, पण पिकलेले आणि कच्चे यांत एवढे अंतर! तेव्हा आपल्या आजीबाईंचा पपईला असलेला विरोध निदान कच्च्या फळापुरता तरी निराधार नव्हता.