झाशीचा संघ आणि एका गोलाचा विजय

झाशी हे नाव कानावर पडले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो तेथील किल्ला, आणि १८५८ सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत सर ह्यू रोजच्या फौजेशी त्या किल्ल्यावरून झालेली झुंज. वरसईच्या गोडसे भटजींनी तो वेढा शहरात राहून प्रत्यक्ष पाहिला आणि ‘माझा प्रवास’ या आपल्या ग्रंथात त्याची हकीकत लिहून ठेवली. नारो शंकरांनी वाढविलेला तो कोट, महालक्ष्मीचे देऊळ, नेवाळकरांचे घराणे, या साऱ्या गोष्टी त्यामुळे आपल्याला परक्या वाटत नाहीत. परंतु श्रोतेहो, याच गावाचा आणखी एक इतिहास आहे. तो विसाव्या शतकातला आहे आणि तो खेळाच्या मैदानावर घडला आहे. त्यातील एका लढतीविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

झाशी हे छावणीचे गाव, आणि रेल्वेचेही. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वेची गाडी इटारसी, भोपाळ करीत झाशीला पोहोचे. तेथे रेल्वेचा मोठा कारखाना होता. छावणीतले शिपाई आणि रेल्वेतले कामगार जेथे एकत्र नांदतात तेथे हॉकी रुजावयाला वेळ लागत नाही. जेवढी जागा मिळेल तेवढीत, मिळेल त्या काठीने पोरे खेळू लागतात. ध्यानचंद यांचे वडील लष्करात होते. मुलाचा जन्म १९०५ साली अलाहाबादेस झाला, पण कुटुंब स्थिरावले ते झाशीत. १९२२ साली ध्यानचंद साधे शिपाई म्हणून पलटणीत दाखल झाले आणि १९५६ साली मेजर होऊन निवृत्त झाले. त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग पुढे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या चाकरीत राहिले. ग्वाल्हेरच्या ज्या मैदानाला त्यांचे नाव दिले आहे, त्याच मैदानावर २०१० च्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकरांनी एकदिवसीय सामन्यात दोनशे धावा केल्या. क्रिकेटच्या त्या पराक्रमाची आठवण काढताना मैदानाच्या नावातला रूपसिंग कोण, हे किती जणांच्या मनात आले असेल, कोण जाणे.

ध्यानचंदांचे नाव निघाले की आपण लगेच गोल मोजू लागतो. मोजावेत असेच ते आहेत. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. १९३२ साली लॉस एंजेलिसला जपानवर ११ आणि अमेरिकेवर २४ असे दोनच सामन्यांत ३५ गोल झाले. त्यांत रूपसिंगांचे १३ आणि ध्यानचंदांचे १२. १९३६ साली बर्लिनला पाच सामन्यांत ३८. एकूण बारा सामने आणि १०२ गोल. हा आकडा आपल्याकडे पुष्कळांना तोंडपाठ असतो. पण याच बारा सामन्यांत भारतावर किती गोल झाले, हे विचारले तर उत्तर चटकन येत नाही. ते तीन आहेत. ॲमस्टरडॅमला एकही नाही, लॉस एंजेलिसला दोन आणि बर्लिनला एक.

माझ्या मते या दोन आकड्यांत अधिक विचार करावयास लावणारा आकडा दुसरा आहे. पहिल्यात प्रतिपक्षाच्या दुबळेपणाचा वाटा किती, हे ठरविणे कठीण. लॉस एंजेलिसला इन मीन तीन संघ आले होते. त्यांतल्या यजमान अमेरिकेवर चोवीस गोल चढविले, यावरून आपल्या चढाईची परीक्षा झाली असे म्हणणे म्हणजे रिकाम्या वाड्यावर हल्ला करून विजयोत्सव करण्यासारखे आहे. त्या सामन्यात आपला गोलरक्षक रिचर्ड ॲलन प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देण्यात गुंतला होता आणि तेवढ्यात अमेरिकेने आपला एकुलता एक गोल साधला, अशी एक गोष्ट क्रीडाप्रेमी मंडळी मोठ्या आवडीने सांगतात. हा ॲलन जन्माने नागपूरचा. तिन्ही ऑलिंपिकमध्ये तो गोलात उभा राहिला आणि त्याच्यावर अवघे दोन गोल झाले. तिसरा गोल, जपानविरुद्धचा, आर्थर हिंड गोलात असताना झाला. झाशीचे ध्यानचंद घराघरांत पोहोचले. नागपूरचा ॲलन नागपुरातही फारसा कोणाला ठाऊक नाही.

याचे कारण उघड आहे. केलेला गोल हा घडलेली गोष्ट असतो, आणि अडविलेला गोल न घडलेली. इतिहासाची साधने घडलेल्या गोष्टींचीच नोंद ठेवतात. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. किती विहिरी खणल्या, किती पूल बांधले, याचे तक्ते दरवर्षी तयार होतात. जी साथ वेळीच आवरली गेल्यामुळे पसरली नाही, तिच्यासाठी तक्त्यात रकाना नसतो.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. १९३३ साली ‘झाशी हीरोज’ हा ध्यानचंदांच्या गावचा संघ कलकत्त्यास बेटन चषकाच्या स्पर्धेत उतरला. ही स्पर्धा १८९५ पासूनची, आणि देशातील हॉकीत तिचा मान फार मोठा. अंतिम सामन्यात गाठ पडली ती कलकत्ता कस्टम्सशी. पोर्ट, कस्टम्स, रेल्वे यांसारख्या खात्यांचे संघ त्या काळी बलाढ्य असत. चांगला खेळाडू दिसला की त्याला खात्यात नोकरी मिळे आणि खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळत राहत. धंदेवाईक हा शब्द कोणी वापरीत नसे इतकेच. ॲमस्टरडॅमच्या विजयी संघातील शौकत अली हे याच कस्टम्सचे. उलट झाशीचा संघ हा गावचा संघ, आणि बहुतेक पोरसवदा. ध्यानचंद, रूपसिंग आणि मुंबईस जी. आय. पी. रेल्वेकडून खेळणारे इस्माइल, एवढे तिघे सोडले तर नाव घेण्यासारखा खेळाडू त्यांत नव्हता. हे मत स्वतः ध्यानचंदांचे आहे. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोल’ या आत्मचरित्रात त्यांनी ते नमूद केले आहे.

त्या काळची हॉकीची मांडणी ठरीव असे. पुढे आघाडीचे पाच, त्यांच्यामागे मधल्या फळीचे तीन, मग दोन बॅक आणि शेवटी गोलरक्षक. बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. जो अकरावा पडेल तो पडेल, दहांनी निभवावे. या मांडणीत मधल्या फळीच्या तिघांवर सर्वांत जास्त भार. चढाईच्या वेळी आघाडीला चेंडू पुरवायचा त्यांनीच, आणि चेंडू गमावला की धावत मागे येऊन प्रतिपक्षाला थोपवायचे तेही त्यांनीच. झाशीचे ते तिघे आणि मागचे दोघे त्या दिवशी कस्टम्सच्या आघाडीपुढे उभे होते. कस्टम्सचा जोर एवढा होता की झाशीचा गोल त्यांच्या हातचाच झाला होता. सामना चालला होता तो बहुतेक झाशीच्याच हद्दीत.

अशा वेळी ध्यानचंदांसारखा खेळाडू काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. चेंडू मिळताच ते स्वतः गोलाकडे धावले नाहीत. कोंडी फोडून ते मैदानाच्या मध्यापर्यंत आले आणि तेथून त्यांनी एक लांब चेंडू पुढे मोकळ्या जागेत सोडला. इस्माइल त्या चेंडूमागे धावले. निम्मे मैदान त्यांनी एका दमात कापले. ध्यानचंदांना त्या धावेची आठवण लिहिताना जेसी ओवेन्सची उपमा सुचली. कस्टम्सचा डावा हाफ आणि गोलरक्षक यांच्यात क्षणभर घोटाळा झाला, चेंडू कोणी घ्यायचा हे दोघांना ठरविता आले नाही, आणि त्या फटीतून इस्माइल यांनी गोल केला. सामन्यातला तेवढाच गोल. झाशी १, कस्टम्स ०.

या एका गोलाची उकल केली तर चढाई आणि बचाव यांतली सीमा कोठे आहे, असा प्रश्न पडतो. कस्टम्सचे खेळाडू पुढे झुकले होते म्हणून त्यांच्यामागे जागा मोकळी पडली. ते पुढे झुकले, कारण झाशीने बराच वेळ त्यांना गोलाच्या आशेवर ठेवले, पण गोल दिला नाही. शिवाय त्या काळच्या नियमाप्रमाणे, प्रतिपक्षाच्या हद्दीत चेंडूच्या पुढे असलेल्या खेळाडूला चेंडू घ्यावयाचा तर त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. त्यामुळे पुढे जाऊन वाट पाहत उभे राहण्याची इस्माइल यांना मुभा नव्हती. चेंडू सुटणे आणि इस्माइल यांनी धाव घेणे, या दोन गोष्टी एकाच क्षणी व्हावयास हव्या होत्या. तो क्षण ध्यानचंदांनी साधला. परंतु गुणफलकावर शून्य टिकून होते म्हणूनच त्या क्षणाला किंमत आली. आधी दोन गोल झाले असते तर इस्माइल यांची तीच धाव पराभवातली एक सुंदर आठवण होऊन राहिली असती.

आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम सामना कोणता, या प्रश्नाला ध्यानचंदांचे उत्तर निश्चित होते. ते नाव घेत बेटन चषकाच्या याच सामन्याचे. ॲमस्टरडॅमचे नव्हे, बर्लिनचेही नव्हे. गोलांच्या राशी घालणाऱ्या पुरुषाने निवडलेला सामना एका गोलाचा आहे, आणि तोही त्याने स्वतः केलेला नाही. मला ध्यानचंदांच्या खेळाविषयीची सर्वांत बोलकी साक्ष वाटते ती हीच.

तीन वर्षांनी बर्लिनला याच गोष्टीचा दुसऱ्या बाजूने प्रत्यय आला. १७ जुलै १९३६ रोजी सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४ विरुद्ध १ असे हरविले. कर्णधार ध्यानचंदांना त्या रात्री झोप लागली नाही. आता चार गोल खाल्लेल्या संघाला काय हवे असे कोणालाही वाटेल? एखादा खंदा बॅक. पण भारतातून तातडीने, विमानाने, बोलाविण्यात आले ते अली दारा यांना, आणि दारा खेळत ते आघाडीच्या फळीत, मध्य आणि उजवी बाजू यांना सांधणाऱ्या जागी. दुखणे बचावात दिसत होते, औषध आघाडीत शोधले गेले. आघाडीच्या फळीत चेंडू टिकत नसेल तर तो वारंवार प्रतिपक्षाच्या हाती जातो आणि मागच्या फळीवर लाटांमागून लाटा येतात. आघाडी सांधली गेली की मागच्यांना श्वास घेता येतो. हे निदान अचूक ठरले. दारा येऊन मिळाल्यावर उपान्त्य सामन्यात फ्रान्सवर दहा गोल झाले आणि आपल्यावर एकही नाही.

अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकलला गेला आणि १५ ऑगस्टला झाला. या तारखेला पुढे अकरा वर्षांनी केवढा अर्थ येणार होता! मैदान ओले होते. पूर्वार्धात भारताचा एकच गोल झाला, तोही अर्धा तास उलटल्यावर, रूपसिंगांचा. जर्मनीचा मात्र एकही नाही. ॲलन, टॅप्सेल, महंमद हुसेन आणि त्यांच्यापुढे बाबू निमल, कलन व गॅलिबार्डी या सहा जणांनी ती पस्तीस मिनिटे राखली. उत्तरार्धात ध्यानचंदांनी बूट काढून ठेवले आणि गोलांची सर सुरू झाली. निकाल ८ विरुद्ध १. यांतला एक गोल टॅप्सेल या बॅकने केला आहे, याची नोंद सहसा कोणी घेत नाही. जर्मन गोलरक्षकाच्या धडकेने दात पडल्यावर ध्यानचंद परत आले आणि त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले की, चेंडू त्यांच्या गोलापर्यंत न्या आणि गोल न करता परत आणा, अशीही कथा आहे. लोक ती चढाईतला खेळकर डौल म्हणून सांगतात. मला ती बचावाची कथा वाटते. जोवर चेंडू आपल्या काठीला आहे तोवर समोरच्याला गोल करता येत नाही.

१९३५ सालच्या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचे आकडेही याच दृष्टीने पाहावेत. ४८ सामन्यांत भारताचे ५८४ गोल, आणि भारतावर फक्त ४०. सामन्यामागे एकही पुरता नाही. वर्णने होतात ती ध्यानचंदांच्या २०१ गोलांची.

आणि १९३३ च्या त्या झाशीच्या संघातून लोकांच्या तोंडी तिघांचीच नावे राहिली आहेत. त्या दिवशी कलकत्त्याच्या मैदानावर कस्टम्सला शून्यावर रोखणारे हाफ, बॅक आणि गोलरक्षक झाशीच्या कोणत्या गल्लीतले, कोणाच्या घरचे, हे त्या शहराने शोधून एखाद्या भिंतीवर लिहून ठेवावयास हवे. राणीच्या तोफा चालविणाऱ्या गुलाम गौस खानाचे नाव झाशीने जपले आहे, तेव्हा ही मागणी अवास्तव नव्हे. ध्यानचंदांचे स्मरण तेथे यथोचित झाले आहे. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत ते निवर्तले आणि त्यांचा देह झाशीला आणून हीरोज मैदानावरच अग्नी देण्यात आला. त्यांचा पुतळा शहराजवळच्या टेकडीवर उभा आहे, हातात काठी घेतलेला.

त्यांच्या निधनाच्या चार वर्षे आधी, १९७५ च्या मार्चमध्ये, क्वालालंपूर येथे भारताने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला २ विरुद्ध १ असे हरविले. विजयाचा गोल ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांचा होता. बरोबरी सुटल्यानंतरचा उरलेला वेळ ती एका गोलाची आघाडी सांभाळण्यात गेला. तेव्हा गोलात उभे होते ते अशोक दिवाण.