आत आला म्हणून हक्क आला?

मंडळी, आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. चौथ्या शतकातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा इथला ताम्रपट आपण ऐकून आहोत. राज्याच्या ३७व्या वर्षी त्याने एक गाव दान दिलं आणि सोबत सवलती कोरून दिल्या. त्यातली एक अशी की, राजाच्या शिपायांनी या गावात शिरायचं नाही. म्हणजे राज्यात फिरण्याची मुभा वेगळी, या गावात शिरण्याची वेगळी. हाच भेद संगणकात वारंवार कसा विसरला गेला, ते आज पाहू.

१९७५ साली साल्ट्झर आणि श्रोडर यांनी नियम मांडला: प्रत्येक वस्तूसाठी, प्रत्येक वेळी परवानगी तपासा. १९८८ साली नॉर्म हार्डी यांनी एक हकिगत लिहिली. एका कंपायलरला स्वतःच्या नोंदी लिहिण्यासाठी खास अधिकार दिला होता. कुणीतरी त्याला आपली माहिती लिहायला फाइलचं नाव दिलं, ते नेमकं बिलांच्या फाइलचं. कंपायलरने बिलं पुसून टाकली. सांगणाऱ्याला तो हक्क नव्हता, पण कंपायलरला होता! ‘तू कुणासाठी लिहितोस?’ हे कुणी विचारलंच नाही.

आता जेनकिन्सकडे येऊ. कोहसुके कावागुची यांनी ‘हडसन’ या नावाने ते सुरू केलं, २०११ साली नाव बदललं. प्रोग्रामरचा कोड जोडणं, तपासणं, पुढे पाठवणं ही कामं ते आपोआप करतं. त्यासाठी पासवर्ड आणि किल्ल्या त्याच्याकडे ठेवाव्या लागतात. त्याला प्लगइन जोडता येतात, आणि चूक तिथेच होत आली. किल्ली निवडायची यादी भरताना अनेक प्लगइननी परवानगी तपासली नाही. नुसतं पाहण्याची मुभा असलेल्यालाही किल्ल्यांचे ओळखक्रमांक दिसू लागले.

क्रमांक म्हणजे किल्ली नव्हे, हे खरं. पण ‘जोडणी तपासा’ या सोयीतही तपासणी नसेल तर? २०१८ साली गिटहबच्या प्लगइनमध्ये असाच दोष निघाला. हल्लेखोराने स्वतःचा पत्ता आणि दुसरीकडून मिळवलेला क्रमांक दिला, की जेनकिन्स ती किल्ली त्या पत्त्यावर पाठवून मोकळं! तिथेही कारभारी प्रामाणिकच होता.

उपाय एखाद-दोन ओळींचा असतो: यादी देण्याआधी, जोडणी करण्याआधी विचारा. ज्यांच्याकडे असा सर्व्हर आहे त्यांनी प्लगइन अद्ययावत ठेवावेत, नको ते काढावेत आणि प्रत्येकाला कामापुरतीच मुभा द्यावी. कारण आपण मोबाइलवर वापरतो ती ॲप्सही कुठेतरी अशाच यंत्रणेतून तयार होऊन येतात.