मस्तानी आणि इटलीची फ्रांचेस्का

परवा 'फ्रांचेस्का दा रिमिनी' वाचून संपवलं. द'अनुन्झिओचं नाटक, इंग्रजीतून अर्थात. १९०१ साली एलेओनोरा दूझेने ते रोममध्ये रंगभूमीवर आणलं. गोष्ट तेराव्या शतकातली. रावेन्नाच्या फ्रांचेस्काचं लग्न राजकारणापायी रिमिनीच्या मालातेस्ता घराण्यात झालं, आणि तिचा जीव जडला दिरावर. नवऱ्याने दोघांनाही मारलं. नवल म्हणजे त्या काळच्या एकाही बखरीत हे नाही! दान्तेने तिला आपल्या काव्यात बोलतं केलं, म्हणून ती उरली. बाकीचं तिखटमीठ नंतरच्यांचं.

वाचताना सारखी मस्तानी आठवत होती. (१७४० म्हणजे मध्ययुग कसं, असं विचारू नका. आमच्या शाळेच्या पुस्तकात पेशवाई मध्ययुगातच होती.)

मस्तानीचं मात्र उलटं आहे. तिच्याबद्दल कागद आहेत, थोडे पण बोलके. १७२९ मध्ये बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावला, आणि त्यानंतर ती पुण्यात आली. १७३४ मध्ये मुलगा झाला. त्याची मुंज लावायला ब्राह्मण तयार झाले नाहीत, म्हणून तो समशेर बहादूर म्हणून वाढला. १७४० च्या सुरुवातीला घरात रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचं लग्न निघालं, आणि तुंबलेलं सगळं बाहेर आलं. बाजीराव नासिरजंगावरच्या मोहिमेत असताना इकडे पुण्यात मस्तानीला कैद केलं.

कोणी केलं? चिमाजीअप्पा आणि नानासाहेबांनी. अप्पा म्हणजे ज्यांनी आठच महिन्यांपूर्वी वसई घेतली आणि आपला हा उत्तर कोकणचा पट्टा मोकळा केला, तेच. नानासाहेब एकोणीस वर्षांचे. साताऱ्याहून शाहू महाराजांच्या वतीने पत्र आलं, की तिला कैदेत ठेवणं महाराजांना पसंत नाही, बाजीरावाला दुखवू नका. म्हणजे छत्रपतींची हरकत नव्हती, हरकत घरच्यांची होती!

इथेच मला दोन्ही गोष्टींत मोठा फरक दिसतो. फ्रांचेस्काच्या नवऱ्याच्या हातात तलवार आहे, पाचव्या अंकात काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. उद्या आमच्या पनवेलच्या फडके नाट्यगृहात कुणी मस्तानी उभी केली, तर खलनायकाचं काम कोणाला देणार? अप्पांचा बाजीरावावर जीव होता, यात शंकाच नाही. सगळं त्याच्या भल्यासाठी, घराच्या अब्रूसाठी चाललं होतं. 'तुझ्या भल्यासाठीच' हे वाक्य आमच्याही घराण्यात एका लग्नाच्या वेळी बोललं गेलं होतं. वाचणाऱ्या नातेवाईकांना कळेल कुठलं. असो.

२८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला बाजीराव गेला, चाळिशीही न गाठता. पाठोपाठ मस्तानी. ती कशी गेली, यावर मतं अनेक. कबर पाबळला आहे. त्याच डिसेंबरात अप्पाही गेले.

सहा वर्षांचा समशेर मात्र पेशव्यांच्याच घरात वाढला. ज्या नानासाहेबांनी त्याच्या आईला अडकवलं, त्यांच्याच फौजेत लढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन गेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. ज्याच्या लग्नासाठी एवढं रामायण झालं तो सदाशिवरावभाऊ तिथे सेनापती होता, आणि तोही परतला नाही. समशेरच्या वंशजांनी पुढे बांद्याची नवाबी केली.