अरकूची कॉफी आणि चिंतापल्लीचं ठाणं



मी साताऱ्याकडचा माणूस, त्यात बावीस वर्षं लंगरचा चहा प्यायलेला. मोठ्या मगात, दुधाचा, साखर मोजायची नाही. त्यामुळे विशाखापट्टणमला एनसीसीच्या युनिटवर पोस्टिंग आली आणि लोक अरकूच्या कॉफीचं कौतुक सांगायला लागले, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. कॉफी म्हणजे सीएसडी कँटीनमधली बाटली, एवढीच माझी ओळख.

एका रविवारी किरंदुल पॅसेंजरने अरकूला गेलो. ही लाईन १९६० च्या दशकात बैलाडिलाचं लोहखनिज बंदरावर आणून जपानला पाठवण्यासाठी बांधली. पन्नासहून जास्त बोगदे, एकेका वळणावर खाली दरी. समुद्रकाठचा घाम तीन-चार तासांत विसरायला होतो. स्टेशनबाहेर एका टपरीवर काळी कॉफी घेतली. दूध नाही, साखर नाही. पहिला घोट कडू लागेल म्हणून तोंड आधीच वाकडं केलं होतं. पण कडवटपणा थोडाच निघाला. जिभेवर आधी किंचित आंबटसर चव, मग गुळासारखा गोडवा, आणि पेला रिकामा झाल्यावरही वास नाकात राहिला. दुसरा पेला मागितला. परतीच्या गाडीत पाव किलोची पुडी पिशवीत होती.

त्यानंतर मी माहिती काढत गेलो. पूर्व घाटात ९०० मीटरच्या वर ही अरेबिका जातीची कॉफी होते. उंचीवर गारवा असल्यामुळे फळ सावकाश पिकतं, म्हणून चव भरते. झाडं उघड्यावर नसतात. सिल्व्हर ओकच्या सावलीत असतात आणि त्या ओकवर मिरीचे वेल चढवलेले असतात. एका जमिनीत दोन पिकं. २०१८ मध्ये पॅरिसला या कॉफीला ‘प्री एपिक्युर’ स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. २०१९ मध्ये ‘अरकू व्हॅली अरेबिका’ला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे तसं. पिकवणारे कोण? मोठे मळेवाले नाहीत. एक-दोन एकरवाले आदिवासी शेतकरी.

आता इतिहासाकडे येतो, कारण हा लेख खरा त्यासाठी आहे.

डिसेंबरात आमचा कॅम्प संपला आणि चिंतापल्लीकडचा एक कॅडेट म्हणाला, “साब, आमच्या घरी चला, कॉफीची तोडणी चालू आहे.” चिंतापल्ली हे नाव मी कुठेतरी वाचलं होतं. आठवलं: अल्लुरी सीताराम राजू!

या डोंगरातली माणसं पिढ्यानपिढ्या ‘पोडू’ करत. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षं नाचणी-सावा घ्यायचा आणि पुढे सरकायचं. आपल्या सह्याद्रीत यालाच कुमरी म्हणत. १८८२ चा मद्रास वन कायदा आला आणि पोडू गुन्हा ठरला. जळण, मध, चिंच, सगळ्यावर खात्याचा हात. त्यात नरसीपट्टणमवरून डोंगरात रस्ता काढायला याच लोकांना वेठीला धरलं गेलं. बॅस्टियन नावाचा तहसीलदार त्यात पुढे होता. नीट मजुरी नाही, वर फटके.

राजू हे मैदानातले, संन्यासी वृत्तीचे तरुण. त्यांनी या लोकांना उभं केलं. २२ ऑगस्ट १९२२ ला चिंतापल्लीचं पोलीस ठाणं, २३ ला कृष्णदेवीपेटा, २४ ला राजवोम्मंगी. तीन दिवसांत तीन ठाणी आणि २६ बंदुका. इथले लोक सांगतात की काय काय नेलं त्याची यादी राजूंनी ठाण्याच्या डायरीत लिहून खाली सही केली. ज्याने कधी कोतचा चार्ज घेतला असेल त्याला यातली गंमत कळेल.

पुढच्याच महिन्यात दामनपल्लीच्या घाटात राजूंच्या माणसांनी तुकडीवर छापा घातला आणि स्कॉट कॉवर्ड व हेटर हे दोन इंग्रज अधिकारी ठार झाले. अरुंद घाट, दोन्ही बाजूंना झाडी, वर बसलेला शत्रू. शिवरायांच्या मुलखातल्या माणसाला हे डावपेच वेगळे समजावून सांगायला नकोत. मग सरकारने मलबार स्पेशल पोलीस आणले, ते पुरले नाहीत म्हणून आसाम रायफल्स आणली. ७ मे १९२४ ला राजूंना पकडून कोय्यूर इथे झाडाला बांधून गोळी घातली. वय सत्तावीसही पूर्ण नव्हतं.

कॅडेटच्या घरी पोहोचलो तेव्हा अंगणात कॉफी वाळत होती. त्याच्या आजोबांना मी ‘तातगारू’ म्हणालो, ते खूश झाले. त्यांनी हातात एक लाल फळ दिलं. चोखून पाहिलं तर गोड. आत दोन बिया, पोटाला पोट लावलेल्या. म्हणाले, पूर्वी हिरवी-लाल सगळी फळं एकदम ओरबाडायची, तशीच वाळवायची आणि बाजारात येईल त्या भावाला व्यापाऱ्याला द्यायची. आता फक्त लाल तोडायची, त्याच दिवशी साल काढायची, चिकटपणा धुवायचा, मग वाळवायची. कष्ट वाढले, पण भावही वाढला. मला अरकूच्या पेल्यात जी चव लागली होती तिचं कारण हे होतं: एकेक फळ पाहून तोडणारे हात.

सूनबाईंनी गूळ घातलेली काळी कॉफी दिली. पेला हातात असताना तातगारूंनी काहीतरी विचारलं. कॅडेट गप्प झाला. मी म्हटलं, “बोल रे, काय म्हणतात?” तो खाली बघत म्हणाला, “साब, ते विचारतात, त्या वेळी आलेले शिपाई तुमचेच होते का?”

तातगारूंच्या आजोबांना त्या रस्त्यावर दगड वाहायला नेलं होतं. नंतर शिपाई आले, तेव्हा बंडखोरांना भात दिला म्हणून गावाची झडती झाली. हे त्यांनी घरात ऐकलेलं.

मी लगेच ‘नाही’ म्हणू शकलो असतो. ते इंग्रजांचं सरकार होतं, आमची फौज देशाची आहे. हे खरंच आहे. पण त्या तुकड्यांतले शिपाई हिंदुस्थानीच होते, पगारासाठी आलेले, कुठल्यातरी गावचे, माझ्यासारखेच. आणि मी स्वतः दुसऱ्या डोंगरांत रात्री घरांना वेढा घालून उभा राहिलेलो आहे. दारात उभी असलेली म्हातारी माणसं कशी बघतात ते मला माहीत आहे. मी म्हणालो, “तातगारू, वर्दी वेगळी होती, राज्य वेगळं होतं. पण माणसं आमच्यासारखीच होती.” कॅडेटने ते तेलुगूत सांगितलं. म्हातारा मान हलवून म्हणाला, “खरं बोलला.” आणि माझा पेला पुन्हा भरायला सांगितला.

राजूंचे साथीदार गाम मल्लू दोरा पकडले गेले, शिक्षा भोगून सुटले आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेवर निवडून गेले. १९६० च्या दशकात वनखात्यानेच या डोंगरात कॉफी लावायला घेतली. पुढे ती आदिवासींच्या स्वतःच्या जमिनीत आली. २०२२ मध्ये या भागाचा वेगळा जिल्हा झाला, नाव अल्लुरी सीताराम राजू जिल्हा. ज्या जंगलात पाऊल टाकलं म्हणून दंड व्हायचा, तिथल्या सावलीत पिकलेल्या बिया आज पॅरिसला जातात.

निघताना तातगारूंनी किलोभर बिया दिल्या, पैसे घेतले नाहीत. गावी आल्यावर मी ती कॉफी आईला करून दिली. ती म्हणाली, “दूध घाल की रे थोडं!” घातलं. पण माझा पेला मी काळाच ठेवला.

जय हिंद.