गुन्ह्यांचा नकाशा वाचताना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण ऐकत आलो आहोत. पोलीस ठाण्याच्या पायरीबद्दलही आपले मत फारसे वेगळे नसते. त्यामुळे पोलिसांचे रोजचे काम कसे ठरते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आज रात्रीची गस्त कोणत्या रस्त्याने जाणार, जादा कुमक कोणत्या ठाण्याला मिळणार, पथक घरफोड्यांमागे लागणार की सोनसाखळी चोरांमागे, हे कोणीतरी ठरवत असते आणि त्याचा परिणाम आपल्या दारापर्यंत पोहोचतो. हे निर्णय आकडेवारीच्या आधारे कसे घ्यावेत, याचा अभ्यास गेल्या तीन दशकांत चांगलाच बहरला आहे. त्याच्याशी तुमची ओळख व्हावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

सुरुवात न्यूयॉर्कपासून केलेली बरी. १९९० साली त्या शहरात २,२००हून अधिक खून झाले. भुयारी रेल्वेच्या पोलीस दलातील जॅक मेपल या अधिकाऱ्याने त्या सुमारास भिंतींवर ५५ फूट लांबीचे नकाशे लावले. त्यांवर प्रत्येक स्थानक दाखवले आणि प्रत्येक लुटीची खूण रंगीत खडूने केली. उकल झालेले गुन्हे वेगळे, न झालेले वेगळे. फायलींच्या गठ्ठ्यांत विखुरलेले गुन्हे असे एका नजरेत आले, तेव्हा ते ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी पुन्हा पुन्हा घडतात, हे उघड झाले. १९९४ मध्ये विल्यम ब्रॅटन शहराचे पोलीस आयुक्त झाले, मेपल त्यांचे उपायुक्त झाले आणि या नकाशांतून ‘कॉम्पस्टॅट’ ही पद्धत उभी राहिली.

तिची सूत्रे चारच: अचूक व ताजी माहिती, तातडीची कुमक, परिणामकारक डावपेच आणि नेटाने पाठपुरावा. पूर्वी आकडे वरिष्ठांच्या हाती पडेपर्यंत महिने उलटत. आता ते दर आठवड्याला समोर येऊ लागले. मुख्यालयातील बैठकीत ठाणेप्रमुखाला नकाशापुढे उभे राहून आपल्या हद्दीचा हिशेब द्यावा लागे. गस्तीचे, तपासाचे आणि अमली पदार्थविरोधी पथकाचे अधिकारी त्याच खोलीत बसत. ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर तिथे चालत नसे. वाचकांनी या चौथ्या सूत्राकडे, पाठपुराव्याकडे, विशेष लक्ष द्यावे. संगणक विकत घेता येतो. दर आठवड्याला तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची शिस्त मात्र अंगी बाणवावी लागते.

१९९८ पर्यंत खुनांची संख्या ६५०च्या खाली आली. पण सगळे श्रेय कॉम्पस्टॅटला देण्याची घाई करू नका. ही पद्धत नसलेल्या अमेरिकी शहरांतही त्या काळात गुन्हे घटले. क्रॅक कोकेनची लाट ओसरत होती, पोलिसांची संख्या वाढली होती, रोजगारही सुधारत होता. यातील कशाचा वाटा किती, हा वाद आजही अभ्यासकांत रंगतो.

आकड्यांचा धाक वाढला की आकडेच वाकतात, हा या विषयातील सर्वांत मोलाचा धडा. न्यूयॉर्कमध्ये हजार डॉलरांवरील चोरी गंभीर गुन्ह्यांत मोजली जाई. चोरीच्या मालाची किंमत कमी लावली की तो गुन्हा गंभीर यादीतून अलगद गळे. दुसरीकडे, काम दाखवण्याच्या दडपणाखाली रस्त्यावरची झडती बेसुमार वाढली. २०११ मध्ये ६ लाख ८५ हजारांहून अधिक वेळा लोकांना अडवले गेले. त्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुणांचा भरणा होता आणि बहुतेकांवर पुढे कोणतीही कारवाई झाली नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने या झडतीची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर झडत्या झपाट्याने घटल्या, तरी खून वाढले नाहीत.

हे दोष शोधून काढले ते याच क्षेत्रातल्या माणसांनी, याचा आम्हा अभ्यासकांना अभिमान वाटतो. एली सिल्व्हरमन यांनी १९९९ मध्ये कॉम्पस्टॅटची वाखाणणी करणारा ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनीच, न्यूयॉर्क पोलीस दलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या जॉन एटर्नो यांच्यासह, आकड्यांची फिरवाफिरव २०१२ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. आपल्या आवडत्या पद्धतीची अशी झाडाझडती घेणारे अभ्यासक ज्या विषयाला लाभतात, त्या विषयावर विश्वास ठेवावासा वाटतो.

मराठी वाचकांना हा धडा परका वाटणार नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात बजावावे लागले. तक्रार घेतलीच नाही तर नकाशावर खूणही उमटत नाही, आणि जिथे खूण नाही तिथे गस्तही जात नाही. म्हणून गुन्हे घटल्याची बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: गुन्हे घटले की नोंदी घटल्या? कोणत्या वस्तीत घटले? आणि त्यासाठी कोणाला काय सोसावे लागले? हे प्रश्न घेऊन पुढे गेलात, तर किचकट तक्तेही तुमच्याशी बोलू लागतील. अधिकाऱ्यांइतकाच नागरिकांनीही वाचावा, असा हा विषय आहे.