मातीचे नाणे, मातीचे पुस्तक

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी हे गाव आहे. काळभैरवनाथाचे देवस्थान म्हणून ते ओळखले जाते. तेथील विद्यार्थ्यांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीच्या गळ्यात आम्हाला एक लोलक दिसला. लोलक म्हणजे नखाएवढे पुस्तक होते. आत कागदाची खरी पाने, बाहेर तपकिरी वेष्टन आणि कडेला दोरा ओवायला भोक. ते तिने स्वतः केले होते. वेष्टनासाठी तिने ‘पॉलिमर क्ले’ वापरली होती. तिने विचारले, “सर, ही खरंच माती असते का?” शेजारी बसलेल्या बाई हसून म्हणाल्या, “खोटा दागिना आहे हो तो, त्याचं काय एवढं!”

मुलीचा प्रश्न रसायनशास्त्राचा होता आणि बाईंचा शेरा इतिहासाचा. दोन्हींचा विचार करण्यासाठी फार लांब जायला नको. याच जिल्ह्यात तेरणा नदीकाठी तेर हे गाव आहे.

‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. तेथून भडोच बंदराकडे कापड जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. या व्यापारात पश्चिमेकडून रोमन नाणी येत. भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने केली आहे.

सोन्याचे नाणे सर्वांच्या हाती कोठून येणार? मग लोकांनी काय केले? त्यांनी मातीचे नाणे केले! रोमन नाण्यांची नक्कल असलेली भाजक्या मातीची पदके तेरला मिळाली आहेत. दख्खनमधील अशा काही पदकांवर तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) या सम्राटाच्या नाण्याची छाप ओळखता येते. दोरा ओवण्यासाठी त्यांना भोक किंवा कडी असते. म्हणजे ही पदके बाजारात खर्च करण्यासाठी नव्हती, गळ्यात घालण्यासाठी होती. तेरच्या सामान्य माणसाला दूरदेशीच्या नाण्याचे किती अप्रूप वाटत होते, हे खरे सोन्याचे नाणे सांगू शकत नाही. ते सांगते हे ‘खोटे’ नाणे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. मातीचे कण अतिशय बारीक पापुद्र्यांसारखे असतात. त्यांच्यामधल्या पाण्यामुळे ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून ओल्या मातीला हवा तो आकार देता येतो. वाळवल्यावर पाणी उडते आणि माती आकसते. पण पुन्हा भिजवली तर ती मऊ होते. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र कणांच्या रचनेतच बांधलेले पाणी निघून जाते आणि मागे फिरण्याची वाट बंद होते. तेरची पदके दोन हजार पावसाळे टिकली त्याचे कारण हेच.

पॉलिमर क्ले ही खरी माती नव्हे. ती पीव्हीसी या प्लॅस्टिकची भुकटी असून तिच्यात पाण्याऐवजी तेलासारखे प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते. ११० ते १३० अंशांना हे द्रव्य कणांत मुरते, कण फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. द्रव उडून जात नसल्याने वस्तू फारशी आकसत नाही. जास्त तापवल्यास मात्र पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. म्हणून चुलीवर किंवा मेणबत्तीवर हा प्रयोग कदापि करू नये. या पदार्थाचा एक पूर्वज १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बाहुल्या घडवण्यासाठी वापरला गेला. बाहुल्यांच्या प्रसिद्ध कारागीर केटे क्रूझे यांची मुलगी फिफी हिने तो हाताळला, आणि पुढे ‘फिमो’ हे नाव तिच्या नावावरूनच पडले.

दोन्ही कारागिरांना एक नियम सारखाच पाळावा लागतो: दोऱ्याचे भोक भाजण्याआधी पाडायचे.

गळ्यातले पुस्तकही तसे नवे नाही. १९०० च्या सुमारास ग्लासगोच्या डेव्हिड ब्राइस या प्रकाशकाने अगदी चिमुकले कुराण काढले. ते भिंग बसवलेल्या धातूच्या पेटीत घालून अंगावर बाळगता येई. आपल्याकडचा ताईत तर सर्वांच्या परिचयाचा. ज्याचा मान मोठा, त्याची छोटी प्रत माणूस अंगावर घालतो. कधी ते नाणे असते, कधी पुस्तक.

तेरच्या अशा हजारो वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी जमवल्या नसत्या, तर त्या नांगराखाली किंवा पावसात गेल्या असत्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेथे आहे. सहल जरूर न्यावी. पण जमिनीवर वेचलेली वस्तू कोणत्या थरातली हे सांगता येत नाही, आणि थर कळला नाही तर काळ ठरवणे अवघड जाते. चापेकर यांनी १९५८ मध्ये तेरला जे उत्खनन केले त्याचे मोल येथे आहे. तेव्हा विद्यार्थ्यांना शेतात असे काही दिसले तर ते उचलून दप्तरात टाकू नये. जागा नोंदवून जाणकारांना कळवावे, एवढे तरी वर्गात सांगायलाच हवे.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग: एकाच मातीची दोन पदके करा. एक फक्त उन्हात वाळवा, दुसरे कुंभाराच्या आव्यात भाजून घ्या. दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी काय दिसते ते मुलांनाच सांगू द्या.

निघताना त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले की, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर गावाचे नाव आणि तारीख लिही. बाईंनी लगेच आपले बारीक टोकाचे पेन काढून दिले.